आडनावाचा माग

बाबूराव पेंटर हे नाव कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मराठी सिनेमाचा पाया घालणाऱ्या या माणसाचा जन्म 3 जून 1890 चा, कोल्हापुरातलाच. पण जन्मानं मिळालेलं आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव लोहारकाम आणि सुतारकामात तरबेज. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले, त्या पडद्यांचा बोलबाला झाला आणि लोकांच्या तोंडी दोघंही ‘पेंटर’ झाले. तेच आडनाव कायम राहिलं. पुढे बाबूरावांनी उभारलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम राजाराम वणकुद्रे नावाचा तरुण उमेदवारीला आला. त्यानं आडनावाचं एक अक्षर तेवढं नावाआधी ठेवलं आणि व्ही. शांताराम म्हणून तो देशाला माहीत झाला.

एकच शहर, एकच कंपनी, एकच काळ. एकाचं आडनाव धंद्यानं बदललं, दुसऱ्याचं एका अक्षरात मावलं. उद्या कुणी 1890 च्या आधीच्या कागदांत ‘पेंटर’ घराणं शोधत बसला, तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही.

आडनाव म्हणजे रक्ताची खूण, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलेली आहे. दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली, की गाव विचारून होतं, मग आडनाव, मग ‘म्हणजे अमक्या गावचे का तुम्ही?’ आडनाव जुळलं की भावकी निघाल्याचा आनंद होतो. तो आनंद खोटा नव्हे. पण कोल्हापूर आणि आसपासच्या मुलखातली आडनावं नीट तपासली, तर त्यांत गाव सापडतं, चाकरी सापडते, हुद्दा सापडतो, कुणाचे उपकार सापडतात. रक्ताचं नातं मात्र दर वेळी सापडतंच असं नाही.

राजघराण्याकडेच पाहावं. ताराबाईंनी पन्हाळ्यावर उभी केलेली करवीरची गादी भोसल्यांची. 1762 मध्ये महाराणी जिजाबाईंनी दत्तक घेतला तो खानवटकर भोसल्यांचा मुलगा, म्हणजे निदान आडनावानं भोसलेच. एकोणिसाव्या शतकात गादीवर आलेले राजाराम महाराज मात्र जन्मानं नागोजीराव पाटणकर. विलायतेची सफर करून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये, ऐन विशीत ते वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि 1874 मध्ये तिथं त्यांचं स्मारक उभं राहिलं. छत्रीखाली बसवलेला त्यांचा अर्धपुतळा आजही तिथल्या बागेत आहे. त्यानंतर 17 मार्च 1884 रोजी दत्तक आले ते कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे चिरंजीव यशवंतराव, म्हणजे आपले राजर्षी शाहू महाराज. शाहू महाराजांची कन्या आक्कासाहेब देवासच्या पवार घराण्यात दिलेल्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव पवार 1947 मध्ये शहाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर बसले. 1962 मध्ये पुन्हा दत्तकविधान झालं, ते नागपूरकर भोसल्यांच्या घरातून.

आडनाव पहिल्यापासून भोसलेच. त्याखाली पाटणकर, घाटगे आणि पवार अशी तीन घराणी येऊन मिळालेली. दत्तकाला आपल्या परंपरेत पूर्ण मान आहे आणि शाहू महाराजांइतकं भोसल्यांचं नाव राखणारा वारस कुणी झाला असं म्हणवत नाही. सांगायचं ते एवढंच, की ज्या घराण्याची वंशावळ सगळ्यांत काटेकोर ठेवली गेली, तिथंही आडनाव आणि रक्त वेगवेगळ्या वाटांनी चाललेलं दिसतं. मग सामान्य घराची काय कथा!

इचलकरंजीचं उदाहरण तर याहून ठळक. या संस्थानाचे मूळपुरुष नारो महादेव जोशी हे कोकणातून आलेले ब्राह्मण. सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयानं ते वाढले, त्यांच्या पदरी चाकरी करून नावारूपाला आले आणि धन्याच्या उपकारांची आठवण म्हणून त्यांनी जोशी हे आडनाव सोडून घोरपडे हे आडनाव घेतलं. त्यांचा मुलगा व्यंकटराव हा पेशवा बाळाजी विश्वनाथांचा जावई. पहिल्या बाजीरावाची बहीण अनुबाई ती इचलकरंजीच्या घोरपड्यांची सून. एकाच आडनावाची दोन घराणी, एक मराठा आणि एक ब्राह्मण, एकाच पंचक्रोशीत पिढ्यानपिढ्या नांदली. पूर्वज म्हणजे फक्त जन्मदाते नव्हेत, ज्यानं वाढवलं तोही पूर्वजच, असं मानणारं हे आडनाव.

गावावरून पडलेली ‘कर’वाली आडनावं सगळ्यांत सोपी, असं वाटतं. वडणग्याचे वडणगेकर, निपाणीचे निपाणीकर. पण गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार? गाव सोडून दुसरीकडे गेलेल्यालाच मागचं गाव चिकटतं. त्यामुळे ‘कर’ लागलेलं आडनाव हे बहुतेक वेळा स्थलांतराचा पुरावा असतो, आणि त्यात मूळ गावापेक्षा शेवटचा मुक्काम असण्याचीही शक्यता असते. गगनबावड्याच्या जहागिरीवरून पंत अमात्यांचं घराणं बावडेकर झालं, आणि ‘आज्ञापत्र’ लिहिणारे रामचंद्रपंत आज सगळ्यांना याच नावानं ठाऊक आहेत. पण घराणं बावड्याचं नव्हे. बावडा त्यांना मिळाला.

मागचं गाव नावात जपायची ही हौस फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कोल्हापूर-पन्हाळ्यावर राज्य करणारे शिलाहार आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राज्य करवीरात, पण बिरुदात तेर. याच ताम्रपटांत राजांची पिढीवार नावं येतात आणि ती यादी मागं मागं जात थेट जीमूतवाहन या विद्याधराला भिडते. अलीकडच्या चार-पाच पिढ्या खऱ्या आणि त्याच्या पलीकडे देव किंवा पुराणपुरुष, हा वंशावळींचा साचा तेव्हापासून आजतागायत चालत आलेला आहे.

हुद्द्यांच्या आडनावांचं तर कोल्हापूर आगरच. दरबारच्या खजिन्याशी जोडलेले पोतनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे पारसनीस, कोठारांचा हिशेब ठेवणारे कारखानीस, गडावरचे हवालदार, सरनोबत, किल्लेदार, चौकीपहाऱ्याचे नाईकवडी. गावात पाटील, त्याच्या हाताखाली चौगुला, दप्तराला कुलकर्णी. ही वतनं कायद्यानं गेली. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात 1918 मध्येच कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं, कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958 च्या, तर मुलकी पाटलांची वतनं 1962 च्या कायद्यानं संपली. काम गेलं, आडनाव राहिलं.

‘पाटील’ या आडनावाचं बळ कोल्हापूर जिल्ह्यात फिरलं की कळतं. शिरोळ-हातकणंगल्यात जैन पाटील भेटतात, गडहिंग्लजकडे लिंगायत पाटील, करवीर-पन्हाळ्यात मराठा पाटील, आणि मुसलमान पाटीलही. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच, कधीकाळी गावची पाटीलकी त्या घरात होती. म्हणून खेड्यातली जुनी माणसं पाहुण्याला नुसतं ‘पाटील’ ऐकून सोडत नाहीत. ‘पाटील खरं, पण मूळचे कोण?’ असं विचारतात, आणि उत्तर येतं, ‘आम्ही मूळचे पोवार. पाटीलकीची तक्षिम होती म्हणून पाटील.’ वंशावळ शोधणाऱ्यानं हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःच्या घरात विचारावा.

इंग्लंडमध्ये 2000 साली ब्रायन साइक्स या अनुवंशशास्त्रज्ञानं आपल्याच आडनावाच्या 48 पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. जवळजवळ निम्म्यांचा गुणसूत्राचा नमुना एकच निघाला. म्हणजे ते एका मूळपुरुषाचे असावेत. तिथली कित्येक आडनावं सहा-सातशे वर्षं बापाकडून मुलाकडे सरळ चालत आलेली. उद्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या 48 पाटलांची अशी तपासणी केली, तर तसं काही निघण्याचा संभव नाही, कारण इथं आडनाव घरोघर वेगवेगळ्या कारणानं पडलेलं आहे.

आवाजाच्या साम्यावर उभारलेल्या वंशकथांबाबतही सावध राहावं. मोरे म्हणजे मौर्य, साळुंखे म्हणजे चालुक्य, शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब. काही जोड्या खऱ्या असतीलही. पण राजवंशाचं नाव त्या वंशाच्या सरदारांनी, चाकरांनी, त्यांच्या मुलखातल्या प्रजेनंही घेतलेलं असू शकतं. जाधव, पवार, शिंदे, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, रामोश्यांत आहेत, दलितांत आहेत. नाव सारखं आहे एवढ्यावर आठशे वर्षांची उडी मारणं म्हणजे मधल्या तीसेक पिढ्यांच्या माणसांना गाळून टाकणं. पूर्वजांचा मान राखायचा तर निदान त्यांना गाळू नये.

आणि ज्यांच्याकडे वतन नव्हतं, सनद नव्हती, त्यांचं काय? त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा दस्तऐवज बहुधा शाळेच्या रजिस्टरात सापडतो. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं, ‘भिवा रामजी आंबेडकर’. घराण्याचं आडनाव सकपाळ. गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून हे आडनाव. तोच मुलगा वीस वर्षांनी, मार्च 1920 मध्ये, कोल्हापूर संस्थानातल्या माणगावच्या परिषदेचा अध्यक्ष होता आणि शाहू महाराज त्याच्याकडे बोट दाखवून लोकांना सांगत होते की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. 1917 मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याचा एक परिणाम वंशावळ शोधणाऱ्यांच्या फार कामी येतो: ज्या घरांचं नाव तोवर कुठल्याच दप्तरात येत नव्हतं, त्यांच्या मुलांची नावं, बापाचं नाव, जात, गाव आणि जन्मतारीख शाळामास्तरांच्या हस्ताक्षरात उतरू लागली.

मागावर निघायचं तर सुरुवात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून करायची. कागद कुठं जात नाहीत, माणसं जातात. आजीला तारखा आठवणार नाहीत, पण ‘पटकीच्या साली थोरले गेले’, ‘धरण झालं तेव्हा घर उठलं’ अशा खुणा ती देते आणि त्यावरून वर्ष काढता येतं. लग्नाच्या पत्रिका, घराच्या चौकटीवरचं नाव, भांड्यांवर कोरलेली नावं, हे सगळं टिपून घ्यावं. देव्हाऱ्यातले टाक पाहावेत. कुलदैवत कुठलं, लग्नात देवक कशाचं पुजतात, हे विचारावं. जोतिबा आणि अंबाबाई हाकेच्या अंतरावर असताना एखादं कोल्हापूरचं घर कुलदैवताला म्हणून कोकणातल्या आडगावी जात असेल, तर घराणं घाट चढून आलेलं असण्याची शक्यता मोठी. आडनाव बदलतं, गाव बदलतं; कुलदैवत सहसा बदलत नाही.

दक्षिण महाराष्ट्राला याबाबतीत एक खास देणगी आहे, ती हेळव्यांची. हेळवी ही उत्तर कर्नाटकात आणि कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात फिरणारी, घराण्यांच्या वंशावळी सांगणारी जमात. एडगर थर्स्टन यानं 1909 मध्ये दक्षिण भारतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात हेळव्यांची नोंद आहे: घोंगडीत पाय झाकून, बैलावर बसून ते गावात येत आणि घरोघर जाऊन त्या त्या घराचा इतिहास आणि लढाईत पडलेल्या वीरांची नावं सांगत.

प्रत्येक हेळव्याची गावं ठरलेली, बापाकडून मुलाकडे वारशानं आलेली. सुगी झाली की तो येतो. दारात घोंगडं अंथरलं जातं, घरातली कर्ती माणसं बसतात, शेजारचे भाऊबंद गोळा होतात. मग कापडात गुंडाळलेली चोपडी बाहेर निघते. मूळगाव कोणतं, तिथून कोण निघाला, कुठं थांबला, त्याला मुलं किती, थोरल्याची पाती कुठली, धाकट्याची कुठली, असं तो लयीत वाचत येतो आणि शेवटी समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या बापाचं नाव घेतो. त्या क्षणी म्हातारा हात जोडतो. त्यानंतर मागच्या खेपेनंतर जन्मलेल्या मुलांची आणि घरात आलेल्या सुनांची नावं लिहून घेतली जातात. हेळव्याला धान्य, कापड, पैसे, ऐपत असेल तर वासरूही मिळतं. सातबारा वाचताना कुणी हात जोडत नाही. हेळव्याची चोपडी ऐकताना जोडतात, कारण तिथं पूर्वजांची नावं मोठ्यानं उच्चारली जातात.

हेळव्याची चोपडी हा पुरावा म्हणून किती पक्का? दोन-अडीचशे वर्षांपर्यंतचा भाग बहुधा भरवशाचा, कारण तो दर खेपेला भावकीसमोर वाचला जातो आणि चूक निघाली तर कुणीतरी बोलतोच. त्याआधीचा भाग मात्र देणगी देणाऱ्या यजमानाला आवडेल असा सजलेला असू शकतो. तरीही ज्या घरांत अजून हेळवी येतो, त्यांनी पुढच्या खेपेला त्याची परवानगी घेऊन वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवावं. या फिरत्या कुटुंबांतली पुढची पिढी शाळेत गेली, नोकरीला लागली. ते व्हायलाच हवं होतं. चोपड्या मात्र त्यांच्या घरातल्या ट्रंकांत राहतील आणि त्या वाचणारा राहणार नाही.

असाच दुसरा साठा तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांकडे असतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. घरातलं कुणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायाच्या नामावळीत त्याचं नाव, गाव, बरोबरच्या माणसांची नावं आणि पुष्कळदा स्वतःच्या हातची सही असते. शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या पणजोबांचं अक्षर पाहायला मिळण्याची शक्यता असलेली ही जवळपास एकमेव जागा. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांना तेही भाग्य नाही. 1834 पासून गिरमिटावर गेलेल्या मजुरांत मराठी मुलखातलेही होते. तिथं पुष्कळदा गेलेल्या माणसाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. त्यांचा माग निघतो तो मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आगमन-नोंदींवरून.

मग येतात सरकारी कागद. गावच्या तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जे असतं, त्याची कल्पना पुष्कळांना नसते. सातबारा सगळ्यांना माहीत. पण वंशावळीसाठी त्याहून उपयोगी आहे तो फेरफार, आणि वारसांच्या नोंदींचा गाव नमुना सहा-क. खातेदार मयत झाला की त्याचे वारस त्यात एकाखाली एक लिहिले जातात. गाव नमुना चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, ज्याला खेड्यात कोतवाल बुक म्हणतात. शिवाय पाहणी पत्रकं, क-पत्रकं, कुळांच्या नोंदवह्या, आणि 1951 ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही. संस्थानी काळातल्या कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे.

या जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात आणि त्यांत आडनावाचा पत्ता नसतो. ‘बाळा बिन राणबा’ एवढंच. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. कुठं त्याच अर्थानं वलद येतं. बाईच्या नावापुढे कोम, म्हणजे अमक्याची बायको. सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, ‘अ.पा.क.’ दिसलं तर अज्ञान मुलाचा पालनकर्ता. या चार-पाच खुणा ओळखता आल्या की कोरडा कागद बोलू लागतो. अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचं नाव आलेलं असलं, की मुलं लहान असतानाच बाप गेला आणि त्या बाईनं जमीन राखली, हे समजतं. घरात कुणी हे सांगितलेलं नसतं.

गेल्या काही वर्षांत मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली, त्याचं कारण आरक्षण. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि मानीव तारखेपूर्वीचा पुरावा: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. सप्टेंबर 2023 मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि नोव्हेंबरात तिची व्याप्ती राज्यभर वाढली. मग गावोगावची दप्तरं कुणबी नोंदींसाठी उघडली गेली. त्या वादात इथं शिरायचं नाही. पण एक गोष्ट निर्विवाद चांगली झाली: धूळ खात पडलेले कागदांचे रुमाल सुटले, वाचले गेले, स्कॅन झाले.

वंशावळीला पैशाचं, जमिनीचं किंवा मानाचं मोल आलं की तिच्यावर ताण येतो, हे मात्र विसरू नये. वतनाच्या भांडणात दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे घराण्याची हकिकत, लिहून देत. दोन्हींत मूळपुरुष आपलाच थोरला असे. 1852 च्या कायद्यानं इंग्रजांनी इनामं तपासणाऱ्या इनाम कमिशनला दात दिले आणि दख्खनभर घराणी सनदा आणि वंशावळी घेऊन धावली. राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 मध्ये, भोसल्यांचं मूळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडलं गेलं. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरच्या संशोधनात ते दक्षिणेतल्या होयसळ-यादवांशी जोडून दाखवलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण पेटलं, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता: हा राजा क्षत्रिय की नाही, त्याच्या घरी वेदोक्त मंत्र म्हणायचे की पुराणोक्त? शाहू महाराजांनी त्याचं उत्तर वंशावळी चाळत बसून दिलं नाही. त्यांनी 26 जुलै 1902 रोजी मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि नंतर शाळा काढल्या. वंशाचा अभिमान कुठं थांबवावा, याचं याहून चांगलं उदाहरण या जिल्ह्याजवळ दुसरं नाही.

तंजावरला सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसले वंशाचा सगळा इतिहास मराठीत कोरवून घेतला. भिंतभर पुरुषांची नावं. आपल्या सगळ्या वंशावळींचं दुखणं हेच आहे. वरून खाली मुलगे येतात, लेकी गळतात, सुना फक्त ‘कोम’ होऊन येतात. चित्पावन घराण्यांनी विसाव्या शतकात मोठ्या चिकाटीनं कुलवृत्तांत छापले. गोखले, बापट, परांजपे यांचे जाडजूड खंड आहेत. पण जुन्या कुलवृत्तांतांतली सासरी गेलेली मुलगी एका ओळीपलीकडे सहसा जात नाही. कोल्हापूरच्या गादीचंच पाहा: शाहू महाराजांचं रक्त 1947 मध्ये गादीवर परत आलं ते त्यांच्या लेकीच्या पोटून. पुरुषांपुरत्या वंशावळीत ही दुवा असलेली बाई दिसणारच नाही. महाराष्ट्रात 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क आहे, आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालणं बंधनकारक झालं आहे. पुढच्या शतकातल्या संशोधकाला आजच्या आया सापडतील. मागच्या आयांना शोधण्याचं काम मात्र आपलं.

श्राद्धविधी याबाबतीत आपल्या कागदांपेक्षा उदार आहे. तिथं बाप, आजा, पणजा यांच्या पाठोपाठ आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावी लागतात, आणि आईच्या माहेरच्या तीन पिढ्यांचीही. भाद्रपद वद्यात कोल्हापूरकडे घरोघर म्हाळ घातले जातात. वडे, खीर, भाज्यांचा नैवेद्य होतो, पान कावळ्याला ठेवलं जातं, भावकी जेवायला येते. गुरुजी नाव विचारतात तेव्हा पणजोबांच्या नावापाशी घरातले एकमेकांकडे पाहतात. पणजीच्या नावापाशी तर बहुतेक घरं गप्प होतात.

यंदाच्या म्हाळाला एवढं करावं. भावकी जमलेलीच असते, तेव्हा जेवणं झाल्यावर एक वही उघडावी. घरातल्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव, तिचं गाव लिहावं. आत्या, पणजी, बाळंतपणात गेलेली, वाटणीत कुठंच न आलेली, मूल नसलेली, सगळ्यांची नावं लिहावीत. दत्तक असेल तर दत्तक म्हणून लिहावं, आडनाव बदललं असेल तर कधी आणि का ते लिहावं. जे ऐकीव आहे त्यापुढे ‘ऐकीव’ असं लिहावं, आणि कागद मिळाला की त्याचा फेरफार क्रमांक घालावा. वहीच्या दोन प्रती कराव्यात, त्यातली एक सासरी गेलेल्या लेकीकडे ठेवावी.